फक्त कोड की सगळंच? कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटखाली नक्की काय काय घ्यायचं

संकलन_सांगली

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, अकरा जण आहोत, गावागावातल्या दूध संकलन केंद्रावर जो सेट बसतो तो आम्ही बनवतो. म्हणजे वजनकाटा, फॅट-एसएनएफचं मशीन (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), शेतकऱ्याला दिसणारा डिस्प्ले आणि पावतीचा प्रिंटर हे सगळं ज्या डब्याला जोडतात तो डबा आमचा, त्यातलं फर्मवेअर (डब्याच्या चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम) आमचं, केंद्रातल्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर आमचं आणि दूध संघाच्या ऑफिसला हिशोब जातो तो प्रोग्रॅमपण आमचाच. कोड बरीच वर्षं गिटवर (कोडची प्रत्येक आवृत्ती जपणारं सॉफ्टवेअर) आहे. बाकीचं म्हणजे बोर्डाची ड्रॉइंगं, टेस्टची एक्सेलं, संघाकडून आलेली पत्रं, बसवतानाच्या सेटिंग हे सगळं कुणाच्या लॅपटॉपवर, कुणाच्या व्हॉट्सॲपवर, थोडं कपाटातल्या फायलीत असं पसरलेलं आहे.

आता एका मोठ्या गिऱ्हाइकानं पुढच्या ऑर्डरच्या आधी सांगितलंय की तुमच्या कॉन्फिगरेशन आयटमची यादी आणि शेवटची बेसलाइन दाखवा. म्हणजे ज्या गोष्टींच्या आवृत्त्या आणि बदल ताब्यात ठेवायचे त्या सगळ्या, आणि मंजूर होऊन पक्का झालेला त्यांचा शेवटचा संच. मी दोन रात्री बसून एक्सेल केलं तर १४० ओळी झाल्या. मालक म्हणतात सगळंच घाला, एकपण राहायला नको. पोरं म्हणतात कोड गिटवर आहे, आणखी काय पाहिजे. मला दोन्ही पटेना आणि त्याला कारण आहे, ते सांगतो.

दिवाळीच्या तोंडाला दुधाचा दर बदलला. पलूस बाजूच्या एका गावातली आजी पावती घेऊन केंद्रात भांडायला आली, म्हणाली शेजारच्या गावात माझ्या लेकीच्या म्हशी नाहीत, गाईच आहेत, फॅट तेच, एसएनएफ तेच, मग तिला लिटरला दीड रुपया जास्त कसा. दोन्ही पावत्या तिनं पदराच्या गाठीत बांधून आणलेल्या, थर्मल कागद घामानं काळा पडलेला, पण आकडे वाचता येत होते आणि म्हातारीचं शंभर टक्के बरोबर होतं. झालं असं होतं की नवीन दरपत्रकाची फाईल संघानं व्हॉट्सॲपवर टाकलेली, दोनदा टाकलेली, पहिल्यात चूक होती म्हणून दुसरी, नाव एकीचं ‘नवीन दर’ आणि दुसरीचं ‘नवीन दर फायनल’. त्या केंद्राच्या सेक्रेटरीनं पहिली चढवली. रोजचं दोन्ही वेळचं चोवीस लिटर धरलं तर दिवसाला ३६ रुपये, पाच दिवस तसं चाललं, एका घराचे १८० रुपये. दहा दिवसांच्या बिलात ते दुरुस्त झाले, पण ती आजी आमच्या डब्याकडं बोट दाखवून जे बोलली ते मला अजून आठवतंय.

आमच्या कोडमध्ये काहीच चूक नव्हती. एक अक्षर बदललेलं नव्हतं. आणि माझ्या १४० ओळींच्या यादीत दरपत्रक नाहीच, हे मला काल रात्री झोपताना लक्षात आलं, उठून परत बघितलं, खरंच नाही. मीटिंगचे मिनट्स आहेत, सुट्ट्यांचा तक्ता आहे, दरपत्रक नाही.

तर प्रश्न असा की यादीत काय घ्यायचं आणि काय नाही हे ठरवायचं कशावरून? मिनट्स, ई-मेल, टेस्टचे रिझल्ट हे घ्यायचं का? फॅटचं मशीन दुसऱ्या कंपनीचं, ते आमच्या यादीत येतं का? आणि घेतलेल्या सगळ्यालाच मंजुरी, फॉर्म, सह्या करत बसायचं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, पुस्तकातलं मी वाचलंय पण माझ्या डब्याला कसं लावायचं ते कळंना.

कृष्णाकाठ

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि तीनदा लिहून पुसलं, कारण हे मी लय महागात शिकलोय. मी साखर कारखान्यांच्या ऑटोमेशनमध्ये आहे, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), ड्राइव्ह (मोटरचा स्पीड सांभाळणारं यंत्र), पॅनेल हे काम, बावीस वर्षं झाली.

ऑगस्ट २०१९ ला आमचं ऑफिस सांगलीत नदीच्या अंगाला तळमजल्यावर होतं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही माणसं बाहेर काढली, कॉम्प्युटर टेबलावर चढवले, टेबलं पण बुडाली. तरी मला धीर होता कारण सगळ्या प्रोग्रॅमचा बॅकअप पुण्यात आमच्या भागीदाराच्या घरी होता. पाणी उतरलं, चिखल काढला, हंगाम तोंडावर, आणि एका कारखान्याच्या बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचं पॅनेल पुरात गेलेलं ते नवीन करून द्यायचं होतं. प्रोग्रॅमची फाईल पुण्याहून आली. उघडेना. ती पीएलसी सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत केलेली, ती आवृत्ती फक्त आमच्या एका जुन्या डेस्कटॉपवर टाकलेली, डेस्कटॉप बुडाला आणि त्याची सीडी त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये चिखलात. तीन दिवस फोन करून शेवटी इचलकरंजीत एका मित्राकडं तसा लॅपटॉप मिळाला.

फाईल उघडली तर पुढचं संकट. ड्राइव्हचे पॅरामीटर कुठंच नव्हते. किती सेकंदात स्पीड चढवायचा, मोटरला करंटची मर्यादा किती, खालचा स्पीड किती, हे सगळं चालू करताना जागेवर उभं राहून बटणं दाबून भरलेलं. आमच्या वायरमनच्या खिशातल्या डायरीत त्यातले सतरा लिहिलेले सापडले, बाकी परत ट्रायल घेऊन बसवले. आणि पॅनेलचं ड्रॉइंग पुण्यात होतं ते मूळ, त्याच्यावर साइटला लाल पेनानं केलेले बदल फक्त पॅनेलच्या दरवाज्यामागच्या कागदावर होते आणि तो कागद कृष्णामाईबरोबर गेला. म्हणजे बघा, ज्याला आम्ही जपायची गोष्ट समजत होतो ती जपली, आणि ज्याच्याशिवाय ती गोष्ट चालत नाही ते सगळं बाहेर ठेवलं.

आता तुमचा मुद्दा, ठरवायचं कशावरून. सीएमएमआय म्हणजे कामाच्या पद्धती कशा असाव्यात ते सांगणारी चौकट, तिचं डेव्हलपमेंटचं जे मॉडेल आहे, १.३ आवृत्ती, नोव्हेंबर २०१० ची, त्यात आयटम ओळखण्याचे निकष दिलेत आणि ते खरंच कामाचे आहेत. एक म्हणजे ही वस्तू दोन किंवा जास्त गट वापरतात का. दुसरं म्हणजे चुकीमुळं किंवा मागणी बदलल्यामुळं ती पुढं बदलणार आहे का. तिसरं, ती बदलली की दुसरं काहीतरी बदलावंच लागतं का. चौथं, प्रोजेक्ट तिच्यावर अडतंय का. हे चार मी आमच्या पोरांना माझ्या भाषेत सांगतो, की ही गोष्ट कुणी गुपचूप बदलली तर दुसऱ्या कुणाचं काम चुकेल का, आणि त्या दिवशी जसं होतं तसं सगळं परत उभं करायचं म्हटलं तर हिच्यावाचून अडेल का. दोन्हीला नाही आलं तर यादीतून काढा, बिनधास्त काढा.

तुमचं दरपत्रक घ्या ना. वापरतंय कोण, संघ, केंद्राचा सेक्रेटरी, तुमचं सॉफ्टवेअर आणि ती आजी. बदलतंय, वर्षातून कितीदा तरी. ते बदललं की पावती बदलते, दहा दिवसांचं बिल बदलतं, संघाचा हिशोब बदलतो. चारी निकषांना ‘हो’ उत्तर देणारी पहिली गोष्ट तीच आणि ती यादीत नाही कारण ती तुम्ही ‘बनवत’ नाही, ती बाहेरून येते. इथंच बहुतेक सगळे चुकतात. वर्क प्रॉडक्ट (कामातली वस्तू) म्हटलं की आपण आपल्या हातानं केलेलंच मोजतो. बाहेरून घेतलेलं, गिऱ्हाइकानं दिलेलं आणि ज्या हत्यारानं आपण बनवलं ते हत्यार, हे तिन्ही मोजायला पाहिजे. कंपायलर (कोडचा मशीनला कळणारा प्रोग्रॅम करणारं टूल), त्याची आवृत्ती, बोर्डात प्रोग्रॅम भरायचं टूल, हे सगळं यादीत. माझी सीडी आठवा.

फॅटचं मशीन दुसऱ्याचं असलं तरी त्याचं मॉडेल, त्यातल्या फर्मवेअरची आवृत्ती आणि ते तुमच्या डब्याशी कुठल्या भाषेत बोलतं, म्हणजे बॉड रेट (डेटा जायचा वेग) काय, ओळ कशी येते, आधी फॅट येतं की एसएनएफ, ते यादीत घ्या. मशीनच्या आत काय चाललंय ते त्यांचं त्यांनी बघावं. जोड जिथं आहे तिथं तुमची जबाबदारी.

आणि सह्यांचं. सगळ्याला एकच कुलूप लावू नका. आम्ही तीन कप्पे करतो. मिनट्स, पत्रव्यवहार, टूरचे रिपोर्ट हे नाव आणि तारीख घालून एका ठरलेल्या जागी ठेवायचं, बास. ज्याच्यावर अजून काम चालूय, ड्राफ्ट आहे, ते आवृत्तीच्या नंबरासकट ठेवायचं, ज्याचं काम त्यानं बदलावं, विचारायला नको. आणि जे एकदा दुसऱ्यानं वापरायला घेतलं, गिऱ्हाइकानं मान्य केलं किंवा साइटवर गेलं ते बेसलाइनमध्ये, तिथनं पुढं विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. एकच कागद पहिल्या महिन्यात मधल्या कप्प्यात असतो आणि संघाची सही झाली की वरच्यात जातो. त्यामुळं यादीत नुसतं नाव लिहून भागत नाही, ते कधी वर जाणार तेपण लिहायचं. कोण मालक, कधीपासून ताबा, एवढ्या दोन रकान्यांनी आमचं अर्धं भांडण मिटलं.

टेस्टिंग_मिरज

कृष्णाकाठ दादांनी मुद्द्याचं सांगितलंय, मी टेस्टिंगच्या बाजूनं थोडं घालते. आधी पुण्यात एका कंपनीत होते तिथं तुमच्या मालकांसारखंच धोरण होतं, सगळंच कंट्रोलखाली. टेस्टच्या एक्सेलमधली स्पेलिंगची चूक सुधारायची तरी चेंज रिक्वेस्ट, ती शुक्रवारच्या मीटिंगला जाणार, मंजूर झाली की सोमवारी फाईल मिळणार. काय झालं, लोकांनी खरी फाईल डेस्कटॉपवर ठेवायला सुरुवात केली आणि सर्व्हरवरची फक्त ऑडिटच्या आधी बदलायची. कागदावर सगळं ताब्यात आणि खरं काय चाललंय ते कुणालाच माहीत नाही. म्हणून दादा, तुमच्या १४० मधल्या १०० ओळी कमी करण्यात कसलाही आळस नाही, उरलेल्या ४० खऱ्या राहाव्यात म्हणून ते करायचंय.

ई-मेलचं विचारलंय. ई-मेल स्वतः आयटम नाही, पण ई-मेलमध्ये झालेला निर्णय हा आयटम आहे. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देते, मी दोन वर्षं दुधाच्याच सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलंय. मशीन फॅट दाखवतं ३.४७. दरपत्रकात ओळी ३.४ आणि ३.५. आता हे ३.४ धरायचं का ३.५? गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे मूळ धरून दर असतो आणि त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागं (म्हणजे ०.१ मागं) कपात असते, म्हणजे या एका गोलाकार करण्यावर शेतकऱ्याचा पैसा अवलंबून. आम्ही कोडमध्ये बघितलं तर मागचा आकडा सरळ छाटून टाकलेला, ३.४. रिक्वायरमेंटमध्ये (काय बनवायचं ते लिहिलेला कागद) एक शब्द नाही. विचारलं तर कळलं की चार वर्षांपूर्वी संघाच्या एका साहेबांनी मेलमध्ये लिहिलेलं की जवळच्या पॉइंटला न्या, आणि तो मेल ज्या मुलाला आला तो नोकरी सोडून गेलेला. सॉफ्टवेअरनं चार वर्षं छाटलं. हा नियम रिक्वायरमेंटच्या कागदावर चढला असता, त्या कागदाला नंबर असता आणि माझी टेस्ट केस त्या नंबराला बांधलेली असती तर पहिल्याच दिवशी पकडला असता. तर मेल पडू दे मेलबॉक्समध्ये, निर्णय उचलून कागदावर घ्या.

टेस्टचे रिझल्ट घ्यायचे का, तर रिलीजला जे चालवलं त्याचे घ्या आणि कशावर चालवलं ते त्यात लिहा, कोडची कुठली आवृत्ती, कुठलं दरपत्रक, कुठला बोर्ड. नुसतं ‘पास’ लिहिलेलं एक्सेल ठेवून काही उपयोग नाही. मधल्या रोजच्या रनचे फेकून दिले तरी चालतात. पण टेस्टचा डेटा, म्हणजे फॅट-एसएनएफच्या जोड्या आणि प्रत्येकासमोर येणारी अपेक्षित रक्कम, ही फाईल मात्र शंभर टक्के आयटम, कारण दरपत्रक बदललं की ती जुनी होते आणि जुन्या अपेक्षित रकमेवर टेस्ट पास झाली तर ती पास नसून फसवणूक आहे.

आणखी एक, जे यादीत कधीच दिसत नाही. कुठल्या केंद्रावर आज काय बसलंय. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल म्हणून शेअरचे सौदे करणारी कंपनी होती तिथं नवीन कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, सातवर गेला, एकावर राहिला, त्या एकावर जुना पडून असलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात चाळीस कोटी डॉलरच्या वर नुकसान. कोड दोन्ही जपलेले होतेच की. कुठं काय चढलंय याची नोंद कुणी तपासली नव्हती. तुमची तर केंद्रं गावोगाव आहेत, आठ सर्व्हर एका खोलीत असून ही गत.

बोर्डवाला_सातारा

थोडक्यात लिहितो, सातारा एमआयडीसीत आमचं बोर्ड असेंब्लीचं काम आहे, असलेच वजनाचे बोर्ड आमच्याकडं येतात. सॉफ्टवेअरवाले बोर्ड विसरतात असा अनुभव आहे. सर्किट, पीसीबीच्या (पार्ट बसतात त्या छापील पट्टीच्या) फायली, पार्टची यादी आणि फर्मवेअर या चौघांची गाठ बांधा, वेगवेगळे नंबर ठेवलेत तर चालतं पण कुणाबरोबर कोण चालतं याचा तक्ता पाहिजे.

उदाहरण सांगतो. लोडसेलला (काट्यातला वजन मोजणारा सेन्सर) एचएक्स७११ ची चिप बऱ्याच बोर्डांवर असते, तिच्या एका पायावर ठरतं की सेकंदाला १० रीडिंग द्यायची का ८०. एका गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमध्ये नव्या आवृत्तीत तो पाय खालून वर जोडला गेला, का ते विचारायला कुणी नव्हतं, फर्मवेअर जुनंच, ते आठ रीडिंगचा ॲव्हरेज काढायचं. १० च्या वेगाला तो ॲव्हरेज पाऊण सेकंदाच्या वरचा होता, ८० ला तो सेकंदाच्या दहाव्या भागाचा झाला आणि वर गोंगाट जास्त. काट्यावरचा शेवटचा आकडा थांबेचना. त्यांनी आमच्या सोल्डरिंगला नावं ठेवली, पंधरा दिवस आम्ही बोर्ड तपासतोय. ड्रॉइंग बदललं, फर्मवेअर बदललं नाही, आणि दोन्ही वेगळ्या माणसांकडं.

पार्टचा बदली माल आला तर तोपण बदलच, २०२१ ला चिपचा तुटवडा होता तेव्हा किती बोर्डांवर काय लागलं ते ज्यांनी लिहून ठेवलं तेच आज दुरुस्ती करू शकतात. बोर्डाच्या सीरियल नंबरासमोर पीसीबीची आवृत्ती, फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख, एवढा रजिस्टर पहिल्या दिवसापासून. आणि काट्याचं कॅलिब्रेशन तुमच्या ‘सेटिंग’मध्ये घालू नका, वजनकाट्याची दरवर्षी वैधमापनाकडनं (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) पडताळणी होते, सील लागतं, त्या सीलच्या आतलं तुमच्या पोरानं लॅपटॉप लावून बदलायचं नसतं. सीलचा नंबर आणि तारीख नोंदीत घ्या.

संकलन_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचा ३.४७ चा किस्सा वाचून आज सकाळी पहिलं काम ते केलं, आमच्या कोडमध्ये बघितलं. आमचं जवळच्या पॉइंटला जातं, ठीक आहे, पण कुठल्या कागदावर लिहिलंय म्हणाल तर कुठल्याच नाही. आता लिहिलं, आणि संघाला सहीला पाठवलं.

कृष्णाकाठ दादा, तुमचे दोन प्रश्न घेऊन मालकांसमोर बसलो, एकेक ओळ वाचली. ‘गुपचूप बदललं तर कुणाचं चुकेल’ असं विचारलं की मालक स्वतःच म्हणायला लागले काढ, हे काढ. सुट्ट्यांचा तक्ता गेला, मिनट्स खालच्या कप्प्यात गेले, मार्केटिंगचे फोटो गेले. आणि नव्यानं आत काय आलं तर दरपत्रक, गोलाकाराचा नियम, फॅट मशीनशी बोलायची पद्धत, पावतीचा नमुना, कंपायलर, बोर्ड आणि फर्मवेअरच्या जोडीचा तक्ता, केंद्रनिहाय काय बसलंय त्याची नोंद. यातलं एकही पहिल्या १४० मध्ये नव्हतं. आता ४१ ओळी आहेत.

एक अडचण उरली. पोरांनी सांगितलं की केंद्राच्या सेटिंगची फाईल गिटवर टाकूया, पण तीत सर्व्हरचा पासवर्ड आहे, आणि टेस्टला आम्ही एका केंद्राचा खरा डेटा वापरतो, त्यात सभासदांची नावं आणि बँकेचे खाते नंबर आहेत. हे आयटम आहेत का? ताबा तर पाहिजे पण गिटवर टाकायला मन होईना.

टेस्टिंग_मिरज

टाकू नका, अजिबात. गिटमध्ये एकदा गेलेलं पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) पुसलं तरी मागच्या इतिहासात राहतं, ज्याच्याकडं कॉपी गेली त्याच्याकडं ते कायमचं गेलं. सेटिंगची फाईल दोन तुकड्यात करा, पासवर्डच्या जागी नुसतं नाव ठेवा की इथं पासवर्ड येतो, ती फाईल आयटम. खरा पासवर्ड वेगळ्या ठिकाणी, दोघांच्या ताब्यात, आणि तो कधी बदलला एवढीच नोंद. जर आधीच कधी गेला असेल तर फाईल साफ करत बसण्याआधी पासवर्ड बदला.

सभासदांचा डेटा टेस्टला वापरायचाच नाही. फॅट, एसएनएफ, लिटर हे खरे घ्या कारण तसले आकडे डोक्यातनं सुचत नाहीत, नावं आणि खाती बनावट घाला, मग ती फाईल बिनघोर ठेवता येते. माझ्याकडं अशी सहाशे ओळींची होती, तीत मुद्दाम घोटाळ्याच्या ओळी, फॅट शून्य, पाणी घातलेलं दूध, लिटरमध्ये चुकून शंभर जास्त.

नवीन_विटा

मी शिकतेय अजून, विचारू का. दरपत्रक तर संघ बदलतो, रातोरात बदलतो, मग त्याला मंजुरी कुणाची घ्यायची? तुमच्या अकरा जणांची मीटिंग होईपर्यंत सकाळचं संकलन सुरू होईल ना.

कृष्णाकाठ

चांगलं विचारलंस ताई, हाच नेमका फरक आहे. दर किती हे ठरवणं संघाचं, त्यात आपण मंजुरी देणारे कोण. आपली मंजुरी फक्त एवढ्याला की आलेली फाईल अधिकृत माणसाकडनं आलीय, तिचा नंबर मागच्यापेक्षा पुढचा आहे, लागू व्हायची तारीख आणि सकाळ-संध्याकाळ त्यात लिहिलेलं आहे, आणि सगळ्या ओळी भरलेल्या आहेत. हे सॉफ्टवेअरला तपासता येतं, मीटिंग लागत नाही. नंबर मागचा असेल किंवा नसेलच तर सॉफ्टवेअरनं फाईल घ्यायचीच नाही. ताबा म्हणजे प्रत्येक वेळी माणूस सहीला बसवायचा असं नसतं, कुणी बदलायचं, कुठल्या वाटेनं बदलायचं आणि नंतर कळणार कसं हे आधी ठरवून ठेवायचं. अकरा जणांच्या युनिटला चेंज बोर्ड (बदलांना मंजुरी देणारा गट) म्हणजे मालक, संकलन दादा आणि टेस्टिंग करणारा एक जण, उभ्या उभ्या दहा मिनिटं. तेही फक्त कोड, बोर्ड आणि नियमांच्या बदलाला.

आणि दादा, बेसलाइन दाखवताना गिटचा एक टॅग (एका आवृत्तीला दिलेलं नाव) दाखवून मोकळे होऊ नका. एक पानाचा कागद करा, अमुक तारखेच्या रिलीजमध्ये कोडचा हा टॅग, बोर्डाची ही आवृत्ती, दरपत्रकाच्या फाईलचा हा साचा, मशीनच्या भाषेची ही आवृत्ती, कंपायलर हा, टेस्टचा हा रिपोर्ट. मग एखादा नवीन पोरगा घ्या, त्याला फक्त तो कागद द्या आणि कोऱ्या लॅपटॉपवर तोच डबा तयार करून दाखव म्हणा. तो जिथं येऊन तुम्हाला विचारेल ना, ती गोष्ट यादीत राहिलीय. आम्ही पुराच्या पुढच्या वर्षी हे केलं, पोरगा सात वेळा विचारायला आला.

संकलन_सांगली

हे आजच करून बघितलं. मागच्या महिन्यात लागलेल्या मुलीला कागद दिला, दुपारी जेवणापर्यंत चारदा आली. बोर्डात प्रोग्रॅम भरायच्या केबलचा ड्रायव्हर कुठला, डिस्प्लेचा मराठी फॉन्ट कुठं आहे, प्रिंटरच्या कागदाची रुंदी किती सेट करायची, आणि चौथं म्हणजे टेस्टची फाईल उघडायला पासवर्ड लागतोय तो गेलेल्या माणसालाच माहीत. पहिल्या तीन यादीत घेतल्या, ४४ झाल्या. चौथ्यासाठी त्या माणसाला फोन केला, चांगला माणूस आहे, लगेच दिला.

दरपत्रकाच्या प्रत्येक फाईलला आता संघाकडनंच नंबर येणार असं बोलणं झालंय आणि तो नंबर पावतीच्या तळाला छापायचा, म्हणजे दोन गावच्या दोन पावत्या शेजारी धरल्या की शेतकऱ्यालाच कळेल एकच दरपत्रक आहे का नाही. उद्या पहाटे साडेपाचला त्याच गावात जातोय पहिला सेट बदलायला. आजी सहाच्या आत किटली घेऊन येतात असं सेक्रेटरी म्हणाला, पहिली पावती त्यांच्याच हातात देणार आहे.